कात्री परवडली, ठिगळ नको

प्रश्न थोडक्यात असा आहे: "लहानपणी शाळेतून आल्यावर कार्टून नेटवर्कवर हिंदीत पोकेमॉन आणि ड्रॅगन बॉल झी बघायचो. आता तिशीत तेच मूळ जपानीत, खाली सबटायटल लावून बघायला घेतलं आणि चक्रावून गेलो. माणसं मरतात, रक्त येतं, खाण्याचे पदार्थसुद्धा वेगळे. हे सगळं कोणी कापलं? सरकारने? मुलांसाठीच कापलं असेल तर त्यात चूक काय? माझी मुलगी सात वर्षांची आहे, तिला यातलं कोणतं दाखवू?"

मी चोवीस वर्षं मुंबईत डबिंग करते आहे. ओठांवर बसणारे संवाद लिहिण्यापासून सुरुवात केली, आता डबिंग डायरेक्ट करते, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम मुलांच्या कार्यक्रमांचं असतं. त्यामुळे कात्री कुठे चालली हे मला चित्रापेक्षा आवाजातून आधी कळतं. जरा लांबून सुरुवात करते.

तुम्ही लहानपणी जे पाहिलंत ते डबचं डब होतं. त्याची साधी खूण म्हणजे नावं. ॲश, मिस्टी, ब्रॉक ही इंग्रजी आवृत्तीने ठेवलेली नावं आहेत. जपानीत ती मुलं सातोशी, कासुमी आणि ताकेशी आहेत. हिंदीत तुम्हाला 'ॲश' ऐकू आला, याचा अर्थ मूळ मालिका आधी अमेरिकेत कापली गेली, तिथे नवं संगीत चढवलं गेलं, आणि मग ती आपल्याकडे आली. आपल्या लेखकाच्या हातात इंग्रजी संहिता असायची. जे तिथे गळलं ते आपल्याला दिसायचंच नाही, तर परत आणणार कुठून?

आता कापलं कोणी. सरकारने नाही. अमेरिकेत टीव्हीवरच्या कार्टूनला आपल्या सिनेमासारखं प्रमाणपत्र लागत नाही. तिथे प्रत्येक चॅनेलचा स्वतःचा 'स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस' नावाचा विभाग असतो, आमच्या धंद्यात 'एस अँड पी'. संहिता आणि चित्र दोन्ही तिथून जातं आणि नोट येते: अमुक टाइमकोडला, म्हणजे अमुक मिनिट-सेकंदाला, पिस्तूल, तमुक ठिकाणी 'मारून टाकीन', इथे दारूचा ग्लास. हा विभाग कोणत्या एका कलमावर चालत नाही, भीतीवर चालतो: जाहिरातदार नाराज होईल, एखादं स्थानिक स्टेशन मालिका घेणार नाही, पालकांची पत्रं येतील. १९६८ मध्ये पेगी चॅरन यांनी बोस्टनजवळ 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना उभी केली आणि मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिराती आणि त्यांचा दर्जा यांवर वर्षानुवर्षं दबाव ठेवला. चॅरनबाईंचा बराचसा आग्रह मला पटतो. त्यांना चांगले कार्यक्रम हवे होते, सेन्सॉर नको होतं. पण त्या काळात तयार झालेली हवा चॅनेलवाल्यांनी आपल्या सोयीने घेतली. चांगला कार्यक्रम बनवायला पैसा लागतो, आहे तो कापायला फार लागत नाही.

पुढे १९९० च्या कायद्याने मुलांच्या शैक्षणिक गरजांची जबाबदारी स्टेशनांवर टाकली आणि १९९६ मध्ये आठवड्याला तीन तास असा आकडाही ठरला. 'सेलर मून' या जादूई शक्ती मिळालेल्या मुलींच्या जपानी मालिकेच्या इंग्रजी भागांच्या शेवटी 'सेलर सेज' नावाचा उपदेशाचा तुकडा जोडलेला असायचा, तो याच काळातला.

दुसरं कारण आकड्यांचं. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग, तेरा आठवडे, म्हणजे ६५ भाग. सिंडिकेशनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या स्थानिक स्टेशनांना, मालिका विकायची तर एवढा साठा हातात हवा. जपानी मालिका या मापाने कापलेल्या नसतातच. म्हणून १९८५ च्या रोबोटेकमध्ये अमेरिकन निर्माते कार्ल मेसेक यांनी ३६, २३ आणि २५ भागांच्या तीन स्वतंत्र मालिका एकत्र शिवून एकच कथा केली. तिन्हींची पात्रं वेगळी, जगं वेगळी, आणि त्यांना एका वंशाच्या तीन पिढ्या म्हणून दाखवलं. धाडस होतं खरं. आणि मेसेक यांचा मोठेपणा हा की त्यात मुख्य पात्रं मरतात, तर ती मेली असंच सांगितलं. रॉय फोकर जातो तेव्हा तो जातो. १९८५ मध्ये, मुलांच्याच कार्यक्रमात. म्हणजे ते करता येत होतं, ही गोष्ट पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

कारण त्याच्या सात वर्षं आधी काय झालं ते बघा. तात्सुनोको स्टुडिओची १९७२ ची गॅचामन ही १०५ भागांची मालिका. पक्ष्यांच्या वेशातली पाच मुलं, आणि समोर गॅलॅक्टर नावाची पृथ्वीवरचीच दहशतवादी टोळी. मालिका कडक आहे. शहरं पडतात, माणसं चिरडली जातात, नायकाच्या हातूनही माणसं मरतात. स्टार वॉर्सच्या यशानंतर अमेरिकेत अंतराळाला मागणी आली तेव्हा अमेरिकन निर्माते सँडी फ्रँक यांनी ही मालिका घेतली आणि १९७८ मध्ये 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' नावाने आणली, १०५ पैकी ८५ भाग. हिंसा कापली तेव्हा प्रत्येक भागातून काही मिनिटं उडाली. वेळ तर भरायचा होता. मग एका वेगळ्या स्टुडिओकडून सेव्हन-झार्क-सेव्हन नावाचा यंत्रमानव काढून घेतला. तो समुद्राखालच्या केंद्रात बसून पडद्याकडे बघतो आणि आपल्याला गोष्ट सांगतो. जपानी चित्रांची रेषा आणि झार्कची रेषा इतकी वेगळी आहे की लहान मुलालाही जोड दिसतो.

झार्कचं खरं काम म्हणजे खोटं बोलणं. शहर कोसळताना दिसतं, झार्क सांगतो की लोकांना आधीच हलवलेलं आहे. लढाई डोळ्यांसमोर पृथ्वीवर चाललेली असते, झार्क सांगतो की हा दुसरा ग्रह आहे. गॅलॅक्टर टोळीची स्पेक्ट्रा ग्रहावरची फौज झाली. इथे मला जे म्हणायचं आहे ते पहिल्यांदा उघड दिसतं: कात्रीने चित्र गेलं ते एक, पण कात्रीने पडलेल्या भोकावर जे ठिगळ लावलं त्याने गोष्टच उलटी झाली. कापलेली गोष्ट अपुरी असते. ठिगळ लावलेली गोष्ट खोटी होते. मी स्वतः या धंद्यात असल्यामुळे कात्रीचा मला तितका राग येत नाही. ठिगळाचा येतो, कारण ठिगळ लिहिणारी माझ्यासारखीच कोणीतरी असते.

ठिगळ लावतात कसं, ते सांगते. एकदा कळलं की तुम्हाला जागोजागी दिसायला लागेल.

डबिंगमध्ये पात्राचं तोंड हलतं तिथे वाक्य ओठांवर बसवावं लागतं. पण पात्र पाठमोरं असेल, कॅमेरा आभाळाकडे असेल, स्फोटाचा धूर असेल, तिथे कोणाच्याही आवाजात काहीही घालता येतं. मूळ संहितेत त्या जागी शांतता असते. लेखकाला हवी ती सफाई तिथे देता येते. ड्रॅगन बॉल झीमध्ये नाप्पा आणि व्हेजिटा हे परग्रहावरचे शत्रू पृथ्वीवर उतरतात तो भाग काढून बघा. नाप्पा आकाशातली विमानं उडवतो. मुळात त्यातली माणसं मेली. १९९६ च्या इंग्रजी आवृत्तीत तिएन हा नायकाचा साथीदार म्हणतो की मला त्यांचे पॅराशूट दिसताहेत, ते सुखरूप आहेत! चित्रात एकही पॅराशूट नाही. त्याच मुक्कामात शहरातल्या इमारती जमीनदोस्त होतात तेव्हा नाप्पाच्या तोंडी वाक्य घातलं की आज रविवार आहे हे वाईट झालं, उद्या या इमारती भरलेल्या असत्या. एका शहराचा संहार एका सुट्टीच्या दिवसाने धुऊन काढला. हे लिहिणाऱ्याला चांगलं लिहिता येत होतं, वाक्य नाप्पाच्या क्रूर स्वभावाला धरून आहे. म्हणूनच मला ते जास्त लागतं.

दुसरं ठिगळ संगीताचं, आणि त्याकडे प्रेक्षकाचं सहसा लक्ष जात नाही. चित्रातून चार सेकंद काढले की डोळा ते सांभाळून घेतो. पण त्याखालचं संगीतही चार सेकंदांची उडी मारतं आणि ती कानाला लगेच टोचते. म्हणून जास्त कापाकापी करायची तर मूळ संगीत काढून नवं, अखंड वाजणारं संगीत चढवणं सोयीचं पडतं. एकही कट ऐकू येत नाही. नव्या संगीताचे हक्क आपल्याकडे राहतात हा वर फायदा. पोकेमॉन आणि 'यू-गी-ओ' ही पत्त्यांच्या खेळाची मालिका इंग्रजीत करणाऱ्या फोरकिड्स या अमेरिकन कंपनीने हे सर्रास केलं. त्यामुळे जपानी आवृत्तीत वारा, रातकिडे आणि एक लांबलेली शांतता आहे, तिथे इंग्रजीत सतत काहीतरी वाजतं. शांतता हा जपानी दिग्दर्शकाचा संवाद असतो, आणि तो कुठल्याही नोटेशिवाय कापला गेला. माझ्यासाठी हे रक्त पुसण्यापेक्षा मोठं नुकसान आहे. हे मत सगळ्यांना पटत नाही, पण मी त्यावर ठाम आहे.

तिसरं ठिगळ ब्रशचं. ड्रॅगन बॉल झीचा नायक गोकू परलोकातल्या नागाच्या वाटेवरून खाली नरकात पडतो, तिथे दोन राक्षस त्याला भेटतात. त्यांच्या गंज्यांवर इंग्रजीत 'हेल' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. मुलांच्या कार्यक्रमात तो शब्द चालेना. मग चित्रकाराने ई अक्षराचा खालचा दांडा पुसला, त्याचं एफ झालं. पहिल्या एलचा पाय पुसला, त्याचं आय झालं. एच, एफ, आय, एल. आता या चार अक्षरांना अर्थ हवा, तर संवादात सांगितलं: होम फॉर इन्फिनिट लूजर्स. दोन रेघा पुसून नरकाचं हरलेल्यांचं वसतिगृह झालं. त्याच आवृत्तीत मेलेली माणसं 'दुसऱ्या मितीत' जायची. पहिले ६७ भाग ५३ झाले ते असे.

यू-गी-ओमध्ये तर मरणाला कायमचा पर्यायच सापडला: शॅडो रेल्म, सावल्यांचं जग. अर्काना नावाच्या जादूगाराशी नायकाच्या झालेल्या खेळात मुळात दोघांचे पाय जखडलेले असतात आणि हरणाऱ्याचे पाय कापायला फिरती करवतीची पाती पुढे सरकत येतात. इंग्रजीत त्या पात्यांवर निळसर तेज चढवलं आणि सांगितलं की ही स्पर्श करतील तर आत्मा सावल्यांच्या जगात जाईल. आता मला सांगा, सात वर्षांच्या मुलाला जास्त भीती कशाची वाटेल? पाय कापला जाण्याची, की आत्मा कायमचा अंधारात अडकून पडण्याची? एस अँड पीची नोट चित्राकडे बघते, कल्पनेकडे नाही. याच मालिकेतल्या एका दृश्यात माणसांच्या हातांतली पिस्तुलं पुसली पण हात तसेच ठेवले. काळ्या सुटातली धिप्पाड माणसं नुसती बोटं रोखून उभी आहेत, आणि समोरचा घाबरलाय.

सेलर मूनवर मात्र थोडं थांबते.

मूळ मालिकेचं पहिलं वर्ष मार्च १९९२ मध्ये सुरू झालं आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये संपलं. एकूण ४६ भाग. इंग्रजीत डीआयसी या कंपनीने १९९५ मध्ये ते आणताना त्यांचे ४० केले. शेवटचे दोन भाग, ४५ आणि ४६, एकत्र दाबून एक केला. आणि ते दोन भागच त्या सबंध वर्षाचा कळस आहेत.

पंचेचाळिसाव्या भागात पाच मुली बर्फाळ ध्रुवावर जातात. वाटेत शत्रूच्या पाच मायावी स्त्रिया आडव्या येतात. आधी ज्युपिटर मरते, मग मर्क्युरी, मग व्हीनस, शेवटी मार्स. एकेक जण उसागीला, म्हणजे सेलर मूनला, पुढे पाठवण्यासाठी मागे राहते आणि जीव देते. ही शाळेत जाणारी चौदा वर्षांची मुलं आहेत. उसागी हीच त्यांच्यातली सगळ्यात रडकी, उशिरा उठणारी, परीक्षेत नापास होणारी. ती पहिल्यांदा एकटी पडते, आणि रडत रडत का होईना, चालत राहते. पुढच्या भागात शेवटच्या लढाईत चारही मैत्रिणींचे आत्मे तिच्या हातावर हात ठेवतात. ते दृश्य मी स्टुडिओत अनेकदा नव्या लेखकांना दाखवते. त्यात फार संवाद नाही, तरी चार मरणांचं वजन त्या एका हातावर उतरतं.

इंग्रजीत त्या चौघी मरत नाहीत. त्यांना शत्रूने पकडून नेलं, असं सांगितलं. मृत्यूची दृश्यं गेली, जे उरलं त्यावर संवाद चढले. मग तो हातावरचा हात कशाचा? कैदेत पडलेल्या मैत्रिणी आत्मा होऊन कशा येतील? चित्र एक बोलतं, आवाज दुसरं. मुलं हे पकडतात. ती विचारत नाहीत, कारण टीव्हीला प्रश्न विचारायची सवय नसते, पण त्यांना कुठेतरी कळतं की मोठी माणसं काहीतरी दडवताहेत.

याच मालिकेत झोइसाइट आणि कुन्झाइट हे दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतात. इंग्रजीत झोइसाइटला बाईचा आवाज दिला आणि प्रश्न मिटवला. झोइसाइटचं रेखाटन नाजूक, लांब केसांचं, त्यामुळे ते खपलं तरी. पण तिसऱ्या पर्वात हारुका आणि मिचिरू या दोघी आल्या. ते पर्व इंग्रजीत २००० मध्ये क्लोव्हरवे या कंपनीने केलं. दोघींचं प्रेम नजरेत आहे, खांद्यावर टेकण्यात आहे, एकमेकींना चिडवण्यात आहे. कापायचं म्हटलं तर पात्रंच संपतील. म्हणून त्यांना 'कझिन' म्हटलं. चित्र तसंच राहिलं. म्हणजे जे दडवायचं होतं त्यापेक्षा भलतंच काहीतरी पडद्यावर गेलं. हे काम मराठीत करायचं असतं तर पहिल्याच वाक्याला अडलं असतं, कारण आपल्याला नुसतं 'कझिन' म्हणता येत नाही. चुलत की मावस, आते की मामे, हे लेखकाला ठरवावं लागतं आणि ठरवताना आपण काय करतोय हे दिसतं. इंग्रजी शब्द इतका मोघम आहे की त्याच्या आड लपता आलं.

खाण्यापिण्याच्या आणि जपानी अक्षरांच्या पुसापुशीवर फार वेळ घालवत नाही. ती सगळ्यांना माहीत आहे. ब्रॉक हातात ओनिगिरी घेऊन, म्हणजे काळी पट्टी गुंडाळलेला तिकोनी भाताचा मुटका घेऊन, मला जेली भरलेले डोनट फार आवडतात असं सांगतो. त्यात मुलांना कशापासून वाचवायचं होतं? कशापासूनच नाही. मालिका जपानी वाटू नये एवढाच हेतू. तसंच उघड्या अंगाच्या लहान मुलाचं. गोकूचा मुलगा, छोटा गोहान, नागडा दिसतो तिथे त्याला संगणकाने झाकलं. जपानी घरात किंवा आपल्या घरात दोन-चार वर्षांचं पोर आंघोळ करून नागडं धावलं तर कोणी डोळे झाकत नाही, पण अमेरिकेतल्या चॅनेलला ते चालणार नव्हतं. यावर मी त्यांना दोष देत नाही. प्रत्येक समाजाची लाज वेगळी असते.

'वन पीस' या समुद्री चाच्यांच्या मालिकेचं प्रकरण वेगळ्या कारणासाठी सांगायला हवं. फोरकिड्सने २००४ मध्ये ते आणलं, १४३ भागांचे १०४ केले. सांजी या पात्राच्या तोंडातली सिगरेट पुसून लॉलीपॉप दिला, बेलमेर नावाच्या आईला गोळी घातली जाते तिथे तिला तुरुंगात टाकलं असं सांगितलं. पण खरा घोळ लाबून गाळण्यात झाला. लाबून हा देवमासा. समुद्री चाच्यांची एक टोळी 'परत येतो' सांगून गेली म्हणून तो पन्नास वर्षं एकाच जागी वाट बघत, डोकं खडकावर आपटत राहिला आहे. फोरकिड्सला वाटलं, ही आडवाटेची गोष्ट आहे, गाळली तर काय बिघडतं? कथा तेव्हा जपानमध्ये लिहिली जात होती. काही वर्षांनी त्यात ब्रूक नावाचा सांगाडा आला. तो त्या टोळीतला उरलेला शेवटचा माणूस, आणि त्याच्या जगण्याचं एकमेव कारण म्हणजे लाबूनला दिलेला शब्द. चालू मालिकेतला कुठला दगड पायाचा आहे हे कापणाऱ्याला माहीत नसतं. फोरकिड्सने मालिका सोडली, २००७ मध्ये ती फनिमेशन या दुसऱ्या डबिंग कंपनीकडे गेली. ब्रूक येईपर्यंत फोरकिड्स टिकलं असतं तर तो देवमासा त्यांनी कुठून आणला असता, कोण जाणे.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर अन्याय होईल. जपानी लोकही स्वतः कापतात. वन पीसच्या मूळ चित्रकथेत झेफ हा खानसामा निर्जन खडकावर पोराला अन्न देऊन स्वतःचा पाय खाऊन जगतो. जपानी टीव्ही मालिकेतच ते बदललं, तिथे बुडणाऱ्या पोराला वाचवताना पाय जातो. पण बघा, झेफचा त्याग तसाच राहिला. म्हणजे कापायचंही एक शहाणपण असतं. शिवाय पोकेमॉनचा पोरिगॉनचा भाग: १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये तो लागला आणि लाल-निळ्या झगमगाटाने ६८५ च्या आसपास मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. तो भाग पुन्हा कुठेच दाखवला नाही, आणि ते योग्यच झालं. मुलांना खरा धोका कशाने होतो याचं ते उदाहरण आहे, आणि त्यात ना पिस्तूल होतं, ना शिवी.

आणि कार्टून नेटवर्कने २००० मध्ये 'गंडम विंग' या यंत्रमानवांच्या युद्धाच्या मालिकेबाबत जो मार्ग काढला तो मला आजही सगळ्यात प्रामाणिक वाटतो. दुपारी मुलांसाठी कापलेली आवृत्ती, ज्यात 'मृत्यू' ऐवजी 'विनाश' म्हणायचे, आणि मध्यरात्री तीच मालिका न कापता. प्रेक्षकाला ठाऊक होतं की दोन आहेत.

आता माझी गोष्ट सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका जपानी मालिकेचं हिंदी करत होते. घरगुती मालिका, मुलगा आणि त्याचे आजोबा. एका भागात आजोबा वारतात. चॅनेलची नोट आली: मृत्यूचा उल्लेख नको. मी तेव्हा मुकाट्याने लिहिलं की आजोबा लांबच्या प्रवासाला गेलेत. ओठांवर छान बसलं, सगळे खूश. भाग लागला तेव्हा माझी सहा वर्षांची भाची शेजारी बसून बघत होती. मुलगा कपाटासारख्या छोट्या देव्हाऱ्यासमोर बसतो, आजोबांच्या फोटोपुढे उदबत्ती लावतो, हात जोडतो. भाची म्हणाली, "मावशी, प्रवासाला गेलेत तर फोटोपुढे उदबत्ती का लावली?"

मला उत्तर देता आलं नाही. अमेरिकेतल्या एखाद्या मुलाला त्या उदबत्तीचा अर्थ कदाचित लागला नसता. आमच्या घरातल्या मुलीला लागला, कारण तिच्या आजोबांच्या फोटोपुढे रोज तीच लागत होती. दोन दिवस तिने धोशा लावला, ते परत कधी येणार म्हणून. मी तिला मरणाच्या दुःखापासून वाचवायला गेले आणि त्याऐवजी कधीही न संपणारी वाट बघायला लावली. त्या देवमाशासारखी.

त्यानंतर मी एक गोष्ट ठरवली. आपल्याकडे मुलांना सांगायचे शब्द आधीपासून आहेत. 'देवाघरी गेले' हे मवाळ आहे, पण खोटं नाही. त्यात 'परत येणार नाहीत' हे आहे. आता मृत्यू नको अशी नोट आली की मी तसा पर्याय लिहून पाठवते आणि सोबत त्या दृश्यातल्या उदबत्तीचा, रिकाम्या खुर्चीचा, काळ्या कपड्यांचा टाइमकोड देते: इथे चित्र मृत्यू सांगतंय, आवाजाने नाही म्हणू नये. निम्म्या वेळा ऐकतात. नाही ऐकलं तर सांगते, दृश्य पूर्ण काढा, मी खोटं वाक्य लिहिणार नाही. यात एक काम हातचं गेलंही आहे.

आपल्याकडचं चित्र सगळं अमेरिकेसारखं नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं. डोरेमॉन आपल्याकडे जपानी नावांनिशी आला. नोबिता, शिझुका, जियान, सुनिओ ही नावं महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या मुलालाही पाठ आहेत. दोरायाकीचा 'डोरा केक' झाला, पण तो खातो तेच आहे. तीच मालिका अमेरिकेत २०१४ मध्ये गेली तेव्हा नोबिताचा नोबी झाला, जियानचा बिग जी, येनचे डॉलर, चॉपस्टिक्सचे काटे. आपल्या पोरांना नोबिता परका वाटला नाही, मग तिथल्या पोरांना वाटला असता असं कशावरून धरलं? उलट शिनचॅन २००८ मध्ये पालकांच्या तक्रारींनंतर आपल्याकडे काही काळ बंद झाला आणि कात्री लागून परत आला. मूळ चित्रकथा मोठ्या माणसांच्या मासिकातली होती, ती मुलांच्या वेळेला लावायची तर कात्री लागणारच. तिथे मी कात्रीच्या बाजूने आहे.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न. सात वर्षांच्या मुलीला ड्रॅगन बॉल झी मूळ रूपात लगेच दाखवू नका, त्यातली मारामारी लांबते आणि ती दमवते. दोन-तीन वर्षं थांबा, मग फनिमेशनने २००५ मध्ये पहिले ६७ भाग न कापता नव्याने डब केले, ते दाखवा. सेलर मून विझ या कंपनीने २०१४ पासून पूर्ण, मूळ नावांनिशी नव्याने केलं आहे. ते आठ-नऊ वर्षांपासून चालेल, पण पंचेचाळिसाव्या भागाला शेजारी बसा आणि लगेच सेहेचाळिसावाही लावा, मध्ये रात्र जाऊ देऊ नका. वन पीस फनिमेशनचंच बघा, जरा मोठी झाल्यावर.

पोकेमॉन खुशाल आत्ता सुरू करा, इंग्रजीतलं किंवा हिंदीतलं, काही बिघडत नाही. फक्त एका ठिकाणी ती तुम्हाला अडवेल. ॲशकडे अचानक तीस टॉरोस, म्हणजे बैलांचा कळपच, कुठून आला? तिला सांगा की पस्तिसावा भाग इंग्रजीत कधी दाखवलाच नाही, कारण त्यात सफारीचा रखवालदार पोरांवर पिस्तूल रोखतो. त्याच भागात ॲश पोकेमॉन पकडायचे चेंडू फेकत गेला आणि दर वेळी मध्ये टॉरोसच आला, असे तीस.